खालाचं दही डॉक्टरांनी का थांबवलं?

(वेरूळ येथील युवा शिबिरातील भाषण)

जेवणानंतरचं सत्र आहे, ताक पोटात गेलंय, झोप येणारच. पण आज बोलायचंय ते त्या ताकातल्या जिवाणूंबद्दलच.

माझ्या खालाला रक्ताचा कॅन्सर झाला. पहिल्या किमोनंतर ती घरी आली, तेव्हा येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाकडे एकेक उपाय होता. माझ्याकडेही होता. मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो, त्यामुळे आपला उपाय तरी शास्त्रशुद्ध आहे असं मला वाटत होतं. मेडिकलमधून प्रोबायोटिकच्या कॅप्सूल आणल्या. अम्मीनं रोज घरी दही लावलं. पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी विचारलं, "औषधांशिवाय काय देता?" मी अभिमानानं सांगितलं. त्यांनी दोन्ही बंद केलं. त्या दिवशी मला त्यांचा राग आला. नंतर वाचत गेलो, तसा स्वतःचा आला.

आधी हे जिवाणू करतात काय, ते पाहू. आपल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींचा मोठा हिस्सा आतड्याच्या भिंतीत असतो. तिथे अब्जावधी जिवाणू राहतात. खुलताबादच्या उरुसात चांगली जागा आधी ज्यानं धरली, त्याला उठवणं अवघड असतं ना? तसंच इथे. चांगल्या जिवाणूंनी जागा आणि अन्न अडवलं की रोगजंतूंना पाय रोवता येत नाहीत. शिवाय आपण खाल्लेला चोथा आंबवून ते ब्युटिरेटसारखी आम्लं तयार करतात. आतड्याच्या अस्तराच्या पेशी त्यावर जगतात, भिंत घट्ट राहते, आणि प्रतिकारशक्ती उगाच भडकतही नाही.

याचा सर्वांत ठोस पुरावा आपल्याच देशातला आहे. ओडिशाच्या खेड्यांमध्ये डॉ. पिनाकी पाणिग्रही आणि सहकाऱ्यांनी ४,५५६ नवजात बाळांवर चाचणी केली. २०१७ साली ती 'नेचर'मध्ये छापून आली. निम्म्या बाळांना सात दिवस लॅक्टोबॅसिलस प्लँटारम हा जिवाणू आणि त्याचं खाद्य म्हणून एक प्रकारची साखर दिली. उरलेल्यांना नुसतीच दिसायला तशी पुडी. रक्तात जंतुसंसर्ग होणं किंवा मृत्यू, हे दुसऱ्या गटात शंभरात ९ बाळांच्या वाट्याला आलं. जिवाणू मिळालेल्या गटात ५.४. नवजात बाळाची प्रतिकारशक्ती कच्चीच असते, म्हणून हा फरक मोठा.

पण ही बाळं कोण होती? दोन किलो किंवा त्याहून जास्त वजनाची, आईचं दूध पिणारी, आजाराची लक्षणं नसलेली. अगदी नाजूक बाळं त्यात नव्हतीच. बातमी वाचताना आपण नेमकी हीच ओळ सोडतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना हे जिवाणू दिल्यावर काहींच्या रक्तात तेच जिवाणू सापडले, आणि २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं डॉक्टरांना तसा इशारा दिला. त्याआधी, २००८ मध्ये, नेदरलँड्समधली एक चाचणी प्रसिद्ध झाली होती. स्वादुपिंडाला तीव्र सूज आलेल्या गंभीर रुग्णांमध्ये प्रोबायोटिक घेतलेल्या १५२ पैकी २४ जण दगावले. न घेतलेल्या १४४ पैकी ९.

आता खालाचं गणित कळेल. किमोनं तिच्या पांढऱ्या पेशी घटल्या होत्या, आतड्याचं अस्तर सोललं गेलं होतं. भिंतीला भगदाड आणि पहारेकरी गैरहजर. अशा वेळी आतला चांगला जिवाणूसुद्धा रक्तात उतरला तर त्याला अडवणार कोण? म्हणजे ज्याची प्रतिकारशक्ती सर्वांत खचलेली, त्यालाच जिवंत जिवाणू विचारल्याशिवाय द्यायचे नाहीत. किमो चालू असलेले, अवयवरोपण झालेले, मोठ्या नळीतून सलाईन चालू असलेले रुग्ण, सगळे यात आले. मेडिकलवाला चिठ्ठीशिवाय देतो म्हणून ती वस्तू निरुपद्रवी ठरत नाही.

दुसरं, 'प्रोबायोटिक' हे एका औषधाचं नाव नाही. अँटिबायोटिकनंतरच्या जुलाबात मुलांना उपयोगी पडणारा जिवाणू वेगळा, ओडिशाचा वेगळा. पुण्याच्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्समध्ये डॉ. योगेश शौचे आणि सहकाऱ्यांनी भारतीयांच्या आतड्यांचा अभ्यास केला. त्यांना आपल्याकडे प्रीव्होटेला जातीचे जिवाणू भरपूर दिसले. तेव्हा परदेशी डब्यावरचा दावा आपल्या पोटाला जसाच्या तसा लागू होईल असं नाही. (कॅप्सूलच्या जिलेटिनबद्दल सकाळी दोघांनी विचारलं. ते जनावरापासूनच येतं. वेष्टणावर वाचा; वनस्पतीजन्य कॅप्सूल आणि पुड्याही मिळतात.)

आणि धडधाकट माणसांनी, म्हणजे तुम्ही? ताक प्या, दही खा. पण कढी उकळली, आंबील शिजवली की त्यातले जिवाणू मेले. आपल्या नान-खलियाच्या नानचं खमीरही तंदुरात संपतं, म्हणून चवीसाठी खुशाल खा, प्रोबायोटिक म्हणून नको. त्यापेक्षा आत आधीच असलेल्यांना खाऊ घाला: ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळी, कांदा, लसूण. ओडिशात बाळांना दिलेल्या साखरेच्या जातीचीच साखर कांद्यात असते. आणि सर्दीला मनानंच अँटिबायोटिक घेऊन ही वस्ती उठवू नका.

खालाच्या पेशी पुढे वर आल्या. डॉक्टर म्हणाले, "आता चालेल." अम्मीनं पातेलं काढलं, दूध नीट उकळलं, कोमट झाल्यावर विरजण लावलं. सकाळी वाटी समोर ठेवली तर खाला म्हणाली, "आंबट झालंय."