खो देण्याचे शिक्षण



खेळाचा तास सुरू झाला म्हणजे शाळेच्या पटांगणात एक दृश्य हमखास दिसते. वर्गातील चार-दोन चपळ मुले पुढे सरसावतात, खेळ त्यांच्याच भोवती फिरू लागतो आणि उरलेली मुले कडुनिंबाच्या सावलीत बसून टाळ्या वाजवितात. तालुक्याचे सामने जवळ आले, की शिक्षकाचे लक्षही त्या चार-दोघांवरच खिळते. पातूरकडील शाळा काय, अन्य कोठल्या काय, ही रीत सारखीच. विजय हवा तर एखादा असामान्य खेळाडू हवा, अशी यामागील समजूत असते. ती कितपत खरी आहे, हे पाहणे अगत्याचे आहे.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्ली येथे खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा भरली. तीत पुरुषांचे २० व महिलांचे १९ संघ उतरले होते. १९ जानेवारीच्या अंतिम सामन्यांत भारताच्या दोन्ही संघांनी नेपाळवर विजय मिळविला. पुरुषांनी ५४-३६ असा आणि महिलांनी ७८-४० असा. पुरुष संघाचा कर्णधार प्रतीक वाईकर पुण्याचा. महिला संघाची कर्णधार प्रियंका इंगळे मूळची बीड जिल्ह्यातील. दोघेही वयाने तरुण. गावोगावच्या शाळांत खेळला जाणारा खेळ जगाच्या मैदानावर गेला आणि त्याचे नेतृत्व महाराष्ट्रातील एका तरुणाने व एका तरुणीने केले, ही गोष्ट अभिमानास्पद खरीच.

परंतु या विजयाचे मर्म कर्णधाराच्या एकट्याच्या धावण्यात शोधू जाल तर ते सापडणार नाही. प्रतीकच्या संघात रामजी कश्यप, सुयश गरगटे, आदित्य गणपुले, अनिकेत पोटे हे महाराष्ट्राचेच गडी होते आणि इतर राज्यांतील खेळाडूही होते. खो-खोचा नियमच असा आहे, की एकट्याच्या पराक्रमाला तेथे फारसा वाव राहत नाही. शाळेतील नित्याच्या खेळात आठ गडी मधल्या पाटीत एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंडे करून बसतात आणि नववा पाठलाग करतो. पाठलाग करणाऱ्याला एकदा धरलेली दिशा बदलता येत नाही, बसलेल्या गड्यांच्या मधून पलीकडेही जाता येत नाही. पलीकडे जावयाचे तर खांबाला वळसा घालणे भाग. तो वळसा पुरा होईतो पळणारा निसटून जातो. म्हणून जो गडी अगोदरच त्या बाजूस तोंड करून बसला आहे, त्याला मागून स्पर्श करून ‘खो’ द्यावयाचा आणि स्वतः त्याच्या जागी बसावयाचे. चपळाहून चपळ गड्यालाही क्षणापूर्वीचे आपले महत्त्व सोडून खाली बसावे लागते. तसेच बसलेल्या गड्याने खो मिळाल्याखेरीज उठावयाचे नाही; पण मिळताच विजेसारखे उठावयाचे. असा संयम आणि अशी तत्परता एकाच मुलात बाणविणे, हे शिक्षणाचे केवढे मोठे काम आहे!

गंमत अशी, की जगातील दुसऱ्या एका लोकप्रिय खेळाच्या मुळाशीही हेच तत्त्व आढळते. बास्केटबॉल हा खेळ एका शिक्षकानेच निर्माण केला. अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ नावाचे शारीरिक शिक्षणाचे शिक्षक होते. १८९१ च्या डिसेंबरात, बाहेर कडाक्याची थंडी असता, कंटाळलेल्या विद्यार्थ्यांसाठी त्यांनी १० फूट उंचीवर पीच फळांच्या दोन टोपल्या टांगल्या आणि १३ नियम लिहून काढले. त्यांतील एक नियम असा, की चेंडू हाती घेऊन कोणी धावू नये. जेथे झेलला तेथूनच तो टाकावा. अर्थात दुसऱ्याला दिल्यावाचून खेळ पुढे सरकूच नये. एकाने टोपलीतून आणि दुसऱ्याने पाटीतून, दोन्ही खेळांनी मुलांना वाटून घेण्यास शिकविले.

१९३६ साली बर्लिन येथील ऑलिम्पिकमध्ये बास्केटबॉलला प्रथम स्थान मिळाले. त्याच प्रसंगी बर्लिनला जाऊन देशी खेळांचे प्रदर्शन घडविले, ते वऱ्हाडातील अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये स्थापिलेल्या या संस्थेचा वारसा पातूरच्या शिक्षकाला परका नाही.

आता प्रत्यक्ष शाळेकडे वळू या. खो-खोला साहित्य किती लागते? दोन खांब, फक्की आणि साफ केलेली जमीन. काळ्या मातीच्या गावी पटांगणावर मुरूम पसरून खडे वेचून टाकले, म्हणजे पायांना इजा होण्याचे भय उणावते. खरी उणीव साहित्याची नसून दृष्टीची असते. शिक्षकाने एक वही ठेवावी. आठवड्यात कोणी किती गडी बाद केले हे तर लिहावेच. पण कोणी किती वेळा योग्य क्षणी खो दिला, हेही लिहावे. पाठलागाचा आरंभ दर वेळी त्याच मुलाकडे न देता आळीपाळीने द्यावा. मंद धावणारा मुलगा खांबाजवळ उत्तम पहारा करतो की काय, हे पाहावे. मुलींचा डाव मुलांच्या डावातून उरलेल्या वेळात न घेता त्यांच्या हक्काच्या वेळी घ्यावा. कोणत्या गावातून पुढची कर्णधार निघेल, हे आज कोणास सांगता येणार?

वर्गातील सर्वच मुले विश्वचषक खेळणार नाहीत. बहुतेक शेतावर, दुकानात, कचेरीत कामाला लागतील. तेथेही त्यांना कोणाच्या तरी पाठीवर हात ठेवून ‘आता तू’ म्हणावे लागेल, आणि आपली पाळी येईतो सावध बसावे लागेल. सावलीत बसून टाळ्या वाजविणाऱ्या मुलाला हे कधीच शिकावयास मिळत नाही. म्हणून पुढच्या खेळाच्या तासाला त्याचे नाव सर्वांत आधी पुकारावे. संघाची बांधणी तेथूनच सुरू होते.