फिरत्या आरागिरणीवर परदेशी नोकरी : होकार देण्याआधी



शेती सांभाळून आरागिरणीवर कामाला जाणारी मंडळी आपल्याकडे पुष्कळ आहेत. चंद्रपूर-गडचिरोलीकडे सागवान, कोकणात आंबा-फणस, देशावर निलगिरी आणि बाभूळ. ओंडका पाहून त्यातून किती माल निघेल हे सांगणारे जाणते कारागीर गावोगाव सापडतात. अशांच्या मोबाइलवर हल्ली निरोप येतो : फिरती आरागिरणी चालवणारा माणूस पाहिजे, न्यूझीलंड किंवा कॅनडा, पगार डॉलरमध्ये, राहणं-जेवण मालकाचं. काही बोलावणी खरी असतात, काही निव्वळ फसवणूक असते. म्हणून होकार देण्याआधी काय काय पडताळून घ्यायचं, ते आज पाहू.

काम नेमकं कोणतं?

आपल्या गिरणीत बहुधा उभा पट्टा असतो आणि ओंडका ट्रॉलीवरून त्याच्याकडे सरकतो. फिरत्या आरागिरणीत उलट असतं. ओंडका जागेवर घट्ट धरलेला राहतो आणि आडवा पट्टा रुळावरून त्याच्यावर चालत जातो. दुसऱ्या एका प्रकारात गोल पातं असतं. ते एकदा आडवं आणि एकदा उभं फिरवून जागच्या जागी फळी सुटी करतात. तेव्हा यंत्र कोणतं, इंजिन डिझेलचं की पेट्रोलचं, ओंडके यंत्राने चढवायचे की हाताने, हे विचारा. पट्ट्याला धार कोण लावणार, हेही विचारा. पट्ट्याचा ताण आणि दातांचा वाक ज्याला समजतो, त्याचीच फळी सरळ निघते. हे काम येत असेल तर तसं सांगा आणि त्याचा मोबदला मागा.

मजुरी कशावर?

ताशी मजुरी असेल तर आठवड्याला किमान किती तास काम मिळेल, ते लेखी घ्या. मापावर असेल तर माप समजून घ्या. १ घनमीटर म्हणजे सुमारे ३५.३ घनफूट. अमेरिकेत बोर्डफूट चालतं. १२ बोर्डफूट म्हणजे १ घनफूट. माप ओंडक्याचं धरणार की निघालेल्या फळ्यांचं? फळ्यांचं असेल तर वाकडा, पोकळ, खिळे असलेला ओंडका आला की नुकसान तुमच्या माथी. पावसाने किंवा मोडतोडीने गिरणी बंद राहिली, तर त्या दिवसांचं काय, हेही ठरवून घ्या. आणि डॉलर म्हटला की तो कोणत्या देशाचा, हे आधी पाहा. न्यूझीलंडचा, कॅनडाचा आणि अमेरिकेचा डॉलर सारख्या किमतीचे नाहीत.

कर्जाचा हिशेब मांडा

समजा, दलालाने ४ लाख रुपये मागितले आणि तुम्ही सावकाराकडून शेकडा ३ रुपये महिना व्याजाने उचलले. महिन्याचं व्याज झालं १२,००० रुपये. तिकडून घरी ३०,००० रुपये पाठवलेत, तर पहिल्या महिन्यात मुद्दलात जाणार १८,०००. मुद्दल फिटेल तसं व्याज कमी होत गेलं, तरी ४ लाख फिटायला सुमारे १८ महिने लागतात. करार २ वर्षांचाच असेल, तर घाम तुमचा आणि कमाई सावकाराची! त्यातून काम मध्येच सुटलं, तर सातबाऱ्यावरची जमीन धोक्यात येते. जमीन गहाण टाकून नोकरी विकत घेऊ नका.

कायदा काय सांगतो?

१९८३ च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणे परदेशी नोकरीसाठी माणसं भरणाऱ्या एजंटाकडे सरकारी नोंदणी लागते. त्याचा नोंदणी क्रमांक मागा आणि ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर तपासा. मुलं-मुली शिकलेली असतील तर त्यांना बसवा, पाच मिनिटांचं काम आहे. नोंदणीकृत एजंटाला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा कर एवढंच घेता येतं, आणि त्याची पावती द्यावी लागते. न्यूझीलंडमध्ये आणि कॅनडाच्या बऱ्याच प्रांतांत नोकरी देण्याबद्दल कामगाराकडून पैसे घेणं बेकायदा आहे.

दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टावर उत्प्रवास तपासणीची अट असते. आखाती देश, मलेशिया वगैरे ठरावीक देशांत कामाला जाताना त्यांना परवानगी आणि प्रवासी भारतीय विमा काढावा लागतो. या विम्यात अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आल्यास १० लाख रुपयांचं संरक्षण आहे. कॅनडा, न्यूझीलंड त्या यादीत नाहीत. म्हणून तिकडे जाणाऱ्याने आपली काळजी आपणच जास्त घ्यायची.

"आधी टुरिस्ट व्हिसावर चला, मग कामाचा करून देऊ" असं कुणी म्हटलं, की तिथेच हात जोडा. नुसतं नेमणुकीचं पत्र म्हणजे कामाची परवानगी नव्हे.

जिवाची काळजी

फिरती गिरणी जंगलाच्या कडेला चालते. दवाखाना किती लांब आहे, सोबत दुसरा माणूस असेल का, हे विचारा. टोपी, चष्मा, कानाचं संरक्षण, बूट मालकाने द्यायला हवेत. लाकडाचा बारीक भुसा वर्षानुवर्षं श्वासात गेला, तर नाकाचा कर्करोगही होऊ शकतो. म्हणून चांगला मास्क मागा. अपघात झाला तर उपचार आणि पगार कोण देणार, हे करारात असू द्या.

घरच्या माणसांसाठी

भगिनींनो, घरचा माणूस निघताना पासपोर्ट, व्हिसा, करार, पावत्या यांच्या नकला घरी ठेवून घ्या. मालकाचं नाव-पत्ता आणि तिथल्या भारतीय वकिलातीचा फोन लिहून ठेवा. तिकडे गेल्यावर पासपोर्ट मालकाच्या ताब्यात देऊ नये, हे त्यांना बजावून सांगा. पेरणी-कापणी कोण पाहणार, हेही आधीच ठरवा.

परत येऊन इथेच फिरती गिरणी टाकू, असा विचार असेल तर एक सांगतो. गिरणीला चाकं असली तरी वनखात्याचा परवाना चुकत नाही. यंत्र घेण्याआधी वनखात्याच्या कचेरीत चौकशी करा.

थोडक्यात ध्यानात ठेवा :
१. एजंटाची नोंदणी स्वतः तपासा.
२. करार समजेल अशा भाषेत वाचून घ्या, मगच सही करा.
३. पावतीशिवाय पैसे देऊ नका.
४. कामाचा व्हिसा हाती आल्याशिवाय बैल, जमीन, दागिने यांना हात लावू नका.

हातात कसब आहे, त्याला बाहेर मोल मिळत असेल तर जरूर जा. पण कागद पाहून, हिशेब मांडून आणि घरच्यांशी बोलून जा.