दुखण्याला नाव मिळेपर्यंत

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



कार्यवाहबाईंनी मला बोलायला सांगितलं तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. पापड-कुरडयांचा हिशेब वाचायला उभं राहणं निराळं आणि भाषण करणं निराळं. माझी शाळा सातवीत सुटली. व्याख्यान कसं करतात ते मला ठाऊक नाही. पण बाई म्हणाल्या, "तुमच्या आईच्या दुखण्यात तुमच्या घरी जे झालं तेवढंच सांगा. कितीतरी घरांत म्हातारं माणूस कण्हत असतं आणि काय झालंय ते कुणालाच कळत नसतं." म्हणून उभी राहिले. आईला विचारूनच सांगते आहे. ती म्हणाली, "सांग, पर माझं दात काढल्यालं तेवढं सांगू नगंस." ते मात्र सांगावंच लागणार आहे.

आई तासगाव तालुक्यात, आमच्या माहेरच्या गावी, दादा-वहिनींजवळ राहते. जन्मभर शेतात राबलेली बाई. बाळंतपणं सोडली तर दिवसा अंथरुणाला पाठ लावलेली मी तिला कधी पाहिली नाही. २०२२ च्या दिवाळीनंतर, तुळशीचं लग्न होऊन थंडी पडू लागली तेव्हाची गोष्ट. सकाळी मिसरी लावताना तिच्या उजव्या गालात एकदम कळ आली. (मिसरी वाईट, हे आपण या मंडळात दहादा ऐकलं आहे. आईही ऐकते आणि लावते.) कळ अशी की हातातली डबी खाली पडली. आणि क्षणात सगळं थांबलं, जसं काही झालंच नव्हतं. दोन दिवसांनी पुन्हा. मग रोज. मग दिवसातून दहा-दहा वेळा.

मी फोनवर विचारलं, "आई, कसं दुखतं गं?" ती म्हणाली, "ईज पडल्यागत हुतंय."

गालात कळ म्हणजे दात, असं आपल्याला वाटतंच. तालुक्याच्या गावी दातांच्या डॉक्टरांना दाखवलं. एक दाढ किडलेली होती, ती त्यांनी काढली. चार दिवस बरं वाटलं, की तसं वाटून घेतलं, कोण जाणे. पुन्हा कळ सुरू. तेव्हा आईच हट्टाला पेटली की शेजारची दाढही काढा. डॉक्टर म्हणत होते, ही चांगली आहे. पण ही ऐकेना. तिथंच खुर्चीत बसून रडली. शेवटी तीही काढली. आणि दुखणं होतं तिथंच राहिलं. यात दोष कुणाला द्यायचा? दुखणाऱ्या माणसाला काहीतरी काढून टाकावंसं वाटतं.

मग घरगुती उपाय. लवंग धरून झाली. सुंठेचा लेप लावू गेले तर नुसत्या बोटाच्या स्पर्शानं अशी कळ आली की वहिनी घाबरून मागं सरली. दृष्ट काढली. कुणी अर्धशिशी म्हणून सूर्योदयाआधी दूध-जिलेबी द्यायला सांगितलं. जिलेबी चावणार कशानं, हे सांगणाऱ्याला सुचलं नाही. दुकानातून आणलेल्या वेदनेच्या गोळ्या सकाळ-संध्याकाळ सुरू होत्या. त्यांनी कळ तसूभर कमी झाली नाही, पोटात मात्र जळजळ सुरू झाली. म्हाताऱ्या माणसाला अशा गोळ्या आपल्या मनानं रोज देत राहिलं तर मूत्रपिंडाला इजा होते, हे मला पुढं डॉक्टरांनी सांगितलं. तोवर आम्ही महिनाभर दिल्या होत्या.

संक्रांतीनंतर मी तिला सांगलीला माझ्याकडे आणलं. एस.टी.त खिडकी बंद करून, डोक्यावरून पदर पुढं ओढून बसली होती. कंडक्टरनं दार उघडलं की वाऱ्याची झुळूक येई आणि तिचा चेहरा वाकडा होई. लोक बघत. तिला त्या दुखण्याइतकीच त्या बघण्याचीही लाज वाटत होती.

आता जे सांगायचं आहे ते सांगताना मला बरं वाटत नाही. वहिनीनं मला आधीच सांगितलं होतं, "वन्सं, मघाशी टी.व्ही. बघत चांगल्या हसत होत्या, आणि जेवायला वाढलं की दुखतंय म्हणतात." मी त्या वेळी वहिनीवर रागावले होते. पण माझ्या घरी आल्यावर मीही तेच पाहिलं. तासन्‌ तास काही नाही. नातवाशी पत्ते खेळते. आणि पानावर बसली की पहिल्या घासाला किंकाळी. रात्री तर ठार झोपते. दुखणारं माणूस असं झोपतं का? आठवड्याभरानं एका संध्याकाळी मी दमलेली होते, पाणी आलं नव्हतं, पोळ्या करपल्या होत्या, आई ओरडली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आई, पुरे कर गं आता. एक्स-रेत काही नाही, दात काढले, अजून काय करायचं आम्ही?"

ती काही बोलली नाही. भिंतीकडे तोंड करून बसली. त्यानंतर दोन दिवस ती एकदाही ओरडली नाही. मला वाटलं, बघा, होतं ना कमी! तिसऱ्या दिवशी पहाटे उठले तर मोरीत दिवा होता. आई नळासमोर उभी. चूळ भरायची म्हणून ओंजळीत पाणी घेतलेलं, आणि ते तोंडाशी न्यायचं धाडस होत नव्हतं. ओंजळ थरथरत होती, पाणी बोटांतून गळून जात होतं, पुन्हा ती ओंजळ भरत होती. शेवटी एकदा तोंडाला लावलं, आणि पदराचा बोळा दातांत धरून ती तशीच मोरीत खाली बसली. आवाज नाही. आम्हाला जाग येऊ नये म्हणून. दोन दिवसांत तिनं जवळजवळ काही खाल्लंही नव्हतं. माझ्या मुलाच्या ताटात हळूच सरकवत होती, हे मग त्यानंच सांगितलं.

मी तिच्याजवळ खाली बसले. म्हटलं, "आई, माझं चुकलं." ती म्हणाली, "तुजं काय चुकतंय, बाय? मलाच वाटाय लागलंय का डोस्क्यातच काय झालंय काय माजं."

भगिनींनो, दुखणं एकीकडे आणि 'आपलं कुणाला खरं वाटत नाही' हे दुसरीकडे. पहिल्याचं औषध माझ्याजवळ नव्हतं. दुसऱ्याचं होतं, आणि तेच मी देत नव्हते.

त्या दिवशी मुलाची अर्धी कोरी राहिलेली वही घेतली. मला काही मोठं सुचलं होतं असं नाही. दूधवाल्याचा हिशेब जसा लिहितो तसं लिहायचं ठरवलं. केव्हा दुखलं, त्या वेळी ती काय करत होती, कुठं दुखलं आणि किती वेळ. वेळ मोजायला मी मनात अंक म्हणत असे. ती वही पुढं इतकी उपयोगी पडली की तिच्यातल्या एका दिवसाच्या चार ओळी वाचून दाखवते.

"सकाळी ६-४०. चूळ भरली. उजवा गाल. ३० अंक."
"७-१५. चहाचा पहिला घोट. उजवा गाल, वरचा ओठ. १५ अंक."
"१० ते १२. भजन ऐकत बसली. काही नाही."
"संध्याकाळी ६. दार उघडलं, वारा आला. ४० अंक. रडली."

आठ दिवस लिहिल्यावर माझ्यासारखीलाही काही गोष्टी दिसू लागल्या. कळ नेहमी उजवीकडेच. नाकाच्या मधल्या रेघेपलीकडे कधी गेली नाही. कधी मिनिटाच्या वर टिकली नाही. आणि आपोआप क्वचितच येई. बहुधा काहीतरी निमित्त असे. गार पाणी, वारा, घास, बोलणं, नाकाच्या कडेला लागलेलं बोट. झोपेत काही लागत नाही, म्हणून झोपेत कळ नाही. म्हणजे ज्या गोष्टींमुळे आम्ही तिला खोटी ठरवलं होतं, त्याच त्या दुखण्याच्या खुणा होत्या!

निमित्तं कळली तशी घरात थोडी सोय करता आली. चुळेला कोमट पाणी. जेवण कोमट आणि मऊ, भात किंवा आमटीत कुस्करलेली भाकरी, आणि चमचा डाव्या बाजूनं. ताक थोडं ऊन करून. पलंग खिडकीजवळून हलवला. बोलण्यानं कळ येते म्हणून तिच्याजवळ वाटी-चमचा ठेवला. एकदा वाजवलं की पाणी, दोनदा वाजवलं की 'इकडं ये'. कळ आली की मी काही विचारायचं नाही, 'फार दुखतंय का' हेसुद्धा नाही. नुसता हात धरून अंक मोजायचे. आईनं नंतर सांगितलं की माझे ओठ हलताना पाहून तिला वाटे, चला, तिसापर्यंत तर जायचं आहे. शेजारपाजारच्या बायका चौकशीला येत, त्यांना मी दारातच हात जोडून सांगत असे की आईला बोलायला लावू नका. एक-दोघींना राग आला. त्यांतल्या एक इथं पुढंच बसल्या आहेत, त्यांची आज जाहीर माफी मागते.

आमच्या कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी वही चाळली आणि मिरजेच्या एका नसांच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली. ते आईला म्हणाले, "आजी, कुठं दुखतं ते बोटानं दाखवा." आईनं बोट गालाजवळ नेलं, पण टेकवलं नाही, वीतभर लांबूनच दाखवलं. डॉक्टर हसले आणि म्हणाले, "गालाला हात लावायलाही भितात, इथंच मला निम्मं कळलं." मग त्यांनी वही पानोपान वाचली. चेहऱ्यावर सुई टोचून, कापूस फिरवून तपासलं. आणि नाव सांगितलं. ट्रायजेमिनल न्यूराल्जिया. मी ते वहीत लिहून घेतलं आणि घरी येऊन पाठ केलं.

त्यांनी समजावलं ते असं. मेंदूतून नसांच्या बारा जोड्या निघतात. त्यांतली पाचवी चेहऱ्याची जाणीव नेते. तिला तीन फांद्या, कपाळ-डोळ्याकडे एक, गाल आणि वरच्या जबड्याकडे एक, खालच्या जबड्याकडे एक. पुष्कळदा मेंदूजवळ एखादी रक्तवाहिनी त्या नसेला टेकते, घासते, आणि मग साध्या स्पर्शाचीही वीज होते. पन्नाशीनंतर आणि बायकांत हे जास्त आढळतं. दातांच्या फोटोत ते दिसत नाही, आणि चांगल्या दाढा गमावून बसलेली आई काही एकटीच नव्हती. ते ऐकून आईनं माझ्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच म्हणाली, "म्हंजी खरंच हाय न्हवं?"

तरी वाट पाहणं संपलं नव्हतं. नसेजवळ गाठ वगैरे नाही ना, हे पाहायला एम.आर.आय. करायचा होता आणि पाळी आठ दिवसांनी होती. 'गाठ' हा शब्द आईसमोर उच्चारला गेला होता. त्या आठ दिवसांत ती देवाजवळ बसून मंगळसूत्राच्या वाट्या कुणाला आणि पाटल्या कुणाला, हे ठरवू लागली. दादा म्हणाला, तिला बोलू देऊ नकोस. मी मात्र बोलू दिलं. वाटण्या ऐकल्या आणि लिहून घेतल्या, त्याच वहीत. मला एक पाटली कमी आली आहे, तेही सांगून ठेवते.

औषध मात्र डॉक्टरांनी तपासणीची वाट न पाहता, रक्त तपासून, लगेच सुरू केलं. कार्बामाझेपिन. हे मुळात फिटांवरचं औषध, दुकानदारानं तसं सांगितल्यावर आई बिथरली, "मला काय फेपरं येतंय व्हय?" समजूत घालावी लागली. पाचव्या दिवशी वहीत फक्त तीन ओळी होत्या. पण औषध सोपं नाही. डोकं जड होई, तोल जाई. मोरीत जाताना मी धरून नेत असे. अंगावर पुरळ उठलं, ताप आला, फार गुंगी आली तर त्याच दिवशी कळवा, अधूनमधून रक्त तपासा आणि आपल्या मनानं एकदम बंद करू नका, हे डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यांनी मात्रा थोडी कमी करून मग हळूहळू वाढवली. एम.आर.आय.मध्ये गाठ नव्हती. रक्तवाहिनी नसेला टेकलेली होती. औषध पुरेनासं झालं तर त्यावर शस्त्रक्रिया आहे, असं सांगितलं आहे. आई तूर्त नको म्हणते.

एक मात्र सांगते, नाहीतर कुणी घरी जाऊन आठ दिवस वही लिहीत बसाल. जबडा दुखतो आणि छातीत दडपतं, घाम सुटतो. तोंड वाकडं होतं, हातपाय लुळा पडतो. नजर अंधुक होते. गाल बधिर होतो. दुखण्यानं झोपेतून जाग येते किंवा ताप येतो, असं असलं तर ते दुखणं वेगळं. छाती दडपली, तोंड वाकडं झालं, नजर गेली, तर घटकाभरही थांबायचं नाही. बाकीच्यांतही उद्यावर ढकलू नये. हे मी डॉक्टरांना मुद्दाम विचारून आले आहे.

वहिनी सांगलीला आली तेव्हा आईजवळ बसून पुष्कळ रडली. आई तिला म्हणाली, "तू तरी तोंडावर बोललीस." माझ्याकडे पाहिलं नाही, पण मला कळायचं ते कळलं.

२०२३ च्या पाडव्याला आई गावी परत गेली. थंडीत अजून कधीतरी कळ येते, तेव्हा फोन करते आणि आकडा सांगते: "आज ईस." मी लिहून ठेवते. ती वही मी आज बरोबर आणली आहे. चहाच्या वेळी ज्यांना कशी लिहायची ते पाहायचं असेल, त्यांनी अवश्य पाहावी. फक्त पाटल्यांचं पान उघडू नये.