हंगामाची शब्दकोडी आणि मुलांचे शुद्धलेखन

(येलदरी, तालुका जिंतूर, जिल्हा परभणी येथे शिक्षक व पंचायत सदस्यांसमोर केलेले भाषण)



पूर्णा नदीवरील येथील धरण १९६८ साली पूर्ण झाले. ‘पूर’, ‘वीज’, ‘सांडवा’ हे शब्द या परिसरातील मुलाला पुस्तकाआधीच ठाऊक होतात. तरीही तेच मूल कागदावर ‘पुर’ आणि ‘विज’ असे लिहिते. बोलण्यात ह्रस्व-दीर्घाचा भेद पुष्कळदा कानाला जाणवत नाही. त्यामुळे नियम पाठ असूनही हात अडखळतो. अशा वेळी हंगामानुसार रचलेले शब्दकोडे चांगले साहाय्य करू शकते, असे माझे मत आहे.

देवनागरीतील कोड्यात एका चौकटीत काना-मात्रा-वेलांटीसह एक पूर्ण अक्षर बसते. जोडाक्षरालाही एकच चौकट पुरते. आडवा व उभा शब्द जेथे भेटतात, तेथे दोहोंचे अक्षर तंतोतंत एकच असावे लागते. पावसाळ्याच्या कोड्यात ‘पूर’ आडवा आणि ‘पूर्णा’ उभा ठेवावा. ज्याने ‘पुर’ लिहिले, त्याची नदी अडते! गुरुजींना लाल शाई वापरावी लागत नाही. हिवाळ्याच्या कोड्यात ‘तिफण’ आणि ‘तिळगूळ’ यांचे पहिले अक्षर जुळते. ‘तीळ’ मात्र तेथे बसत नाही. का बसत नाही, हे मूल स्वतः विचारते, आणि शासनमान्य लेखननियम सांगण्याची खरी वेळ तीच होय. अकारान्त मराठी शब्दातील शेवटून दुसरा इकार-उकार दीर्घ असतो. शब्द पुढे वाढला की तो ह्रस्व होतो. तीळ-तिळाचा, मूग-मुगाचा, ऊस-उसाचा. तत्सम शब्दांना हा नियम लागू नाही. म्हणून ‘पूर्णेला’ लिहितानाही ‘पू’ दीर्घच राहतो.

सूचक वाक्य हाच वाचनाचा पाठ असल्याने ते पूर्ण व सरळ असावे. उदाहरणार्थ: ‘आगटीत भाजतात, हातावर चोळतात, गरम असतानाच खातात, तीन अक्षरे.’ मूल ‘हुरडा’ लिहिते ते वाक्य समजल्यामुळे. देशांच्या राजधान्या आणि नटनट्यांची नावे विचारणारी तयार कोडी येथे निरुपयोगी आहेत; त्यांत मोठ्यांच्या स्मरणशक्तीची परीक्षा तेवढी होते.

आता एका अवघड बाबीकडे वळतो. मराठवाड्यातील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीला जातात व गळीत हंगाम संपल्यावर परततात. त्यांच्यासोबत गेलेल्या मुलांचे वाचन नेमके याच महिन्यांत तुटते. परत आल्यावर फळ्यावर हुरडा आणि पतंग यांचेच कोडे असेल, तर त्या मुलाचा हिवाळा त्यात कोठेच नसतो. त्याच्याजवळ ‘फड’, ‘कोयता’, ‘मोळी’, ‘पाचट’, ‘वाढे’ असे शब्द आहेत. वर्गातील इतरांना ते कदाचित येणारही नाहीत. तेव्हा चैत्रातील कोडे या मुलांकडून शब्द घेऊनच रचावे आणि सूचक वाक्ये त्यांनाच लिहू द्यावीत. मोळी म्हणजे काय, हे तेच अचूक सांगतील.

खर्च फारसा नाही. ग्रामपंचायतीने आपल्या भिंतीवर दहा बाय दहा चौकटींचा काळा फळा रंगवून द्यावा; खडू शाळेने पुरवावा. दर पंधरवड्याला कोडे बदलावे. ते सोडवायला मोठी माणसेही थांबतील. त्यांना उत्तरे सांगू देऊ नयेत, एवढी दक्षता मात्र घ्यावी लागेल.