एक पुंगळी कमी

(आपल्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा लिखित पाठ)



संयोजकांनी मला 'शाळेने मला काय दिले' असा विषय दिला आहे. शाळेने काय दिले ते सगळेच सांगतील. मी आज शाळेच्या नावावर जे घेतले आणि परत दिले नाही, त्याबद्दल बोलणार आहे. ती वस्तू पितळेची होती, पेन्सिलीच्या तुकड्याएवढी. त्यामुळे पितळ कसे घासतात याचीही थोडी माहिती तुम्हाला ऐकावी लागेल. इंजिनिअर बाईला माइक दिला की असे होते!

आपण नववीत होतो. श्रावण संपत आला होता. एन.सी.सी.च्या मुलींना देवळालीच्या बाजूला फायरिंगला नेले होते. पॉइंट टू-टू रायफल, पंचवीस मीटरवर टार्गेट, पोटावर झोपून नेम धरायचा आणि प्रत्येकीला पाच गोळ्या. गोळी सुटली की रायफलीतून रिकामी पुंगळी बाहेर यायची. हवालदारसाहेब तिला 'खोखा' म्हणायचे. जेवढ्या गोळ्या दिल्या तेवढे खोखे मोजून परत, हा नियम त्यांनी बसमधून उतरतानाच तीनदा सांगितला होता.

माझी शेवटची पुंगळी हाताजवळच पडली. उचलली तर कोमट होती. तोंडाशी काळी, बाकी पिवळीधमक. मी ती मोज्यात सरकवली. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. आवडली, एवढेच.

पुढचे तुम्हाला आठवत असेल. एक पुंगळी कमी भरली. पावसाने गुडघाभर गवत वाढलेले, आणि आपण सगळ्याजणी रांगेने गुडघ्यांवर बसून ते गवत बोटांनी विंचरत होतो. मीही विंचरत होते. अंधार पडायला आला तरी ती सापडली नाही. माझ्या शेजारच्या लेनमध्ये जी होती, तिने मोजून चारच पुंगळ्या दिल्या असे ठरले. तिने पाच दिल्या होत्या. ती रडून सांगत होती, आणि मी मान खाली घालून गवतात बघत होते. ती आज इथे दुसऱ्या रांगेत बसली आहे.

पुंगळी कंपासपेटीत राहिली. दिवाळी आली. आपल्या कॉलनीत दिवाळीची साफसफाई म्हणजे काय, हे बाहेरच्यांना सांगून कळत नाही. गच्ची झाडून खाली उतरावे, तर मागे पुन्हा राखेचा थर. २१० मेगावॉटचे तीन संच १९७९ ते १९८१ या काळात सुरू झाले, म्हणजे आपण जन्मलो तेच मुळी चिमण्यांच्या सावलीत. वडिलांच्या पाळ्या आणि आयांच्या हातातला फडका, दोन्ही कधी थांबले नाहीत.

त्या वर्षी आईने देवाची उपकरणी घासायला काढली. भिजवलेली चिंच आणि चाळलेली राख. राख तेलकटपणा काढते आणि बारीक असल्यामुळे घासतेही. चिंचेतले आम्ल पितळेवरचा काळा थर विरघळवते. हे सगळे मी पुढे इंजिनिअरिंगला शिकले. आईला एवढेच ठाऊक होते, की चिंच लावून गप्पा मारत बसायचे नाही, लगेच धुवायचे, नाहीतर पितळ तांबूस पडते. तेही खरेच आहे. आम्ल जास्त वेळ राहिले तर पितळेतले जस्त निघून जाते आणि वर तांबे उरते.

आवराआवर करताना आईला कंपासपेटीत पुंगळी सापडली. तिला वाटले, निरांजनाचा किंवा कशाचा तरी सुटलेला भाग असेल. तिने तीही घासली. मी खेळून आले तर ओट्यावर पंचपात्र, पळी, समईचे भाग आणि त्यांच्या रांगेत ती पुंगळी, लखलखीत. कडेवर रायफलीच्या पिनेचा ठसा स्पष्ट दिसत होता. "हे कशाचं गं?" आईने विचारले. मी म्हणाले, "काही नाही, रस्त्यात सापडलं." संध्याकाळी मी ती राखेच्या ढिगाऱ्यात फेकून दिली.

सुट्टीनंतर कॅम्पची यादी लागली. त्यात माझे नाव होते, तिचे नव्हते.

आता एकदम अमेरिकेत येते. नोकरीच्या निमित्ताने मी काही वर्षे टेक्सासला होते. शेजारी एक निवृत्त आजोबा राहायचे. त्यांच्या गॅरेजमधून दर शनिवारी घरघर ऐकू यायची. एकदा डोकावले तर एक पीप आडवे फिरत होते आणि आत खळखळत होत्या पितळी पुंगळ्या, शेकड्यांनी. तिकडे नेमबाजीचा छंद असलेले लोक वापरलेल्या पुंगळ्या जमवून, साफ करून पुन्हा भरतात, कारण काडतुसाचा सर्वांत महाग भाग म्हणजे ते पितळच. आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवणे हा गुन्हा आहे, तेव्हा घरी जाऊन कोणी प्रयोग करू नका. पण धुण्याची ती रीत बघण्यासारखी होती.

पिपात पाणी, भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब, चिमूटभर लिंबूसत्त्व आणि स्टीलच्या बारीक टाचण्या. दोन-तीन तास फिरवले की टाचण्या आतबाहेर सगळीकडे घासून काजळी काढतात. दुसरी रीत कोरडी: थरथरणाऱ्या भांड्यात अक्रोडाच्या टरफलांचा नाहीतर मक्याच्या कणसाचा भरडा घालायचा आणि पुंगळ्या त्यात तासन्‌तास घोळू द्यायच्या. मला हसू आले. चिंचेच्या जागी लिंबू, राखेच्या जागी भरडा आणि आईच्या मनगटाच्या जागी मोटर!

मी उत्साहाने म्हणाले, "माझी देवाची भांडी काळी पडलीत, टाकू का यात?" आजोबांनी पिपावर हातच ठेवला. म्हणाले, "खाण्यापिण्याचं काहीही यात टाकायचं नाही." काडतुसाच्या बुडाशी जो पेट घेणारा मसाला असतो, त्यात बहुधा शिसे असते. ते काजळीत उतरते, काजळीतून पिपात. कोरड्या पद्धतीत तर ते धुळीबरोबर उडते. म्हणून ते भरडा घराबाहेर चाळायचे, नातवंडांना जवळ येऊ द्यायचे नाहीत आणि आधी हात धुतल्याशिवाय चहाच्या कपाला शिवायचे नाहीत. मला आमचा ओटा आठवला. पळी, पंचपात्र आणि त्यांच्या शेजारची ती पुंगळी, एकाच चिंचेने घासलेली. माझ्या एका खोटेपणाने मी आईच्या हातात काय दिले होते!

अमोनिया असलेले पॉलिशही ते लावू देत नसत. त्याची गोष्ट आपल्याकडचीच निघाली. ब्रिटिश काळात हिंदुस्थानातल्या फौजेच्या काडतुसांच्या पुंगळ्या पावसाळ्यात आपोआप तडकायच्या. ऋतूप्रमाणे होतो म्हणून त्या तडकण्याला इंग्रजीत ऋतूचेच नाव पडले. दारूगोळा तबेल्यांजवळ ठेवलेला असे, घोड्यांच्या मुतातला अमोनिया दमट हवेत पितळेला लागे, आणि घडवताना पितळात दबून राहिलेला ताण तिथे तडा होऊन बाहेर पडे. याचा उलगडा १९२१ मध्ये झाला. वरून धडधाकट दिसणारी वस्तू आतल्या ताणाने तडकते, हे धातुशास्त्राच्या पुस्तकात शिकवावे लागते. आपल्या वयाला ते असेच कळते.

एकदा मी आजोबांना विचारले, "एवढी चकाकी कशासाठी? शेवटी बंदुकीतच जाणार ना?" ते म्हणाले, "चकाकीसाठी नाही. काजळीखाली तडा दिसत नाही म्हणून." धुऊन, वाळवून झाले की ते एकेक पुंगळी दिव्याखाली फिरवून बघायचे. तोंडाशी केसाएवढी चीर दिसली, बुडाजवळ उजळ रेघ दिसली, की ती मोडीत. मी जुन्या सॉफ्टवेअरच्या दुरुस्तीचे काम करते. त्या दिवसापासून मी नव्या मुलांना हेच सांगते, की कोड आधी नीटनेटका करायचा तो मिरवण्यासाठी नाही, चूक दिसावी म्हणून.

मग मी त्यांना आपल्या पुंगळीची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "टू-टूची पुंगळी परत भरता येत नाही. मसाला कडेच्या घडीत असतो आणि पीन लागली की ती कडच चेपते. आमच्या लेखी ती भंगार." थोडे थांबून पुढे म्हणाले, "पण तुमचा हवालदार बरोबर होता. पुंगळी परत आली नाही, तर गोळी झाडली गेली याचा पुरावा काय? कदाचित कुणाच्या खिशात जिवंत काडतूस घरी गेलं असेल." चौदाव्या वर्षी मला तो नियमाचा काच वाटला होता. त्या माणसाला त्या संध्याकाळी नेमकी कसली भीती वाटत असेल, हे मला गॅरेजमध्ये उभे राहून कळले.

आईने चिंचेने घासले तेव्हाच सगळे स्वच्छ दिसले होते. तडा दिसला होता. मी तो राखेत पुरला, आणि एकलहऱ्यात राखेला काय तोटा!

दुसऱ्या रांगेतल्या मैत्रिणी, तू त्या दिवशी पाच पुंगळ्या दिल्या होत्यास. कमी होती ती माझी. तुझा कॅम्प मी परत देऊ शकत नाही. तू नंतर एन.सी.सी. सोडलीस, आणि आपण बोलायच्याही थांबलो. तुला वाटले असेल, मी कॅम्पला गेले म्हणून शिष्ट झाले. तसे नव्हते गं. तुझ्याकडे बघवत नव्हते. हे तुला एकटीला फोनवर सांगता आले असते. पण तुझ्यावर आळ सगळ्यांसमोर आला होता, म्हणून सगळ्यांसमोर सांगते आहे, आणि स्मरणिकेत छापायलाही देणार आहे.

माफ करायचे की नाही ते तू ठरव. घाई नाही. जेवणाच्या वेळी मी तुझ्या शेजारी येऊन बसणार आहे. उठून गेलीस तरी चालेल.