मूत्रपिंड नवे, पिशवी जुनी

जुन्या माणसांना विहिरीवरची मोट आठवत असेल. बरेच दिवस कोरडी पडलेली मोट पुन्हा जोडली, की तिचं चामडं आक्रसलेलं, कडक झालेलं असे. ते भिजून मऊ होईपर्यंत धीर धरावा लागे. आपल्या लघवीच्या पिशवीचंही तसंच आहे, बरं का!

दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली, की डायलिसिसच्या यंत्रानं रक्त शुद्ध करतात. अशी वर्षं गेली, की पुष्कळांची लघवी जवळजवळ बंद होते. पिशवीला कामच उरत नाही. निरोगी पिशवीत ४०० ते ५०० मिलिलिटर लघवी मावते. ही आक्रसलेली पिशवी कधी १०० मिलिलिटरलाही भरून जाते.

पुढे रोपण होतं. नवं मूत्रपिंड ओटीपोटात बसवून त्याची नळी या जुन्या पिशवीला जोडतात. मूत्रपिंड चांगलं चाललं, की दिवसाला दोन लिटर किंवा अधिकही लघवी होते. पाणी फार आणि भांडं लहान! तासातासाला उठावं लागतं, कधी कपडे ओले होतात. घरच्यांना वाटतं, मूत्रपिंड बिघडलं. रोगी बिचारा लाजतो आणि पाणी पिणंच कमी करतो. तसं मात्र करू नका. डॉक्टरांनी सांगितलं तेवढं पाणी प्यायलाच हवं. नव्या मूत्रपिंडाला त्याची गरज असते. बहुतेकांची पिशवी काही आठवड्यांत, काही महिन्यांत पुन्हा सैल होते.

पण सगळंच 'होईल बरं' म्हणून सोडू नये. लघवी एकाएकी कमी झाली, ताप आला, जळजळ झाली, लघवी लाल दिसली किंवा जखमेतून पाणी झिरपू लागलं, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठा. परकं मूत्रपिंड शरीरानं नाकारू नये म्हणून जी औषधं देतात, त्यांनी रोगप्रतिकारशक्ती कमी होते; साधा जंतुसंसर्गही लवकर बळावतो. जोडाच्या जागी आत बारीक नळी ठेवलेली असेल, तर ती काढण्याची तारीख चुकवू नका. वयस्क पुरुषांत प्रोस्टेट ग्रंथी वाढलेली असते. लघवी बंद असताना ते कळत नाही, पुढे मात्र लघवी अडते. तेही डॉक्टरांना सांगा.

आणि गुरुजी, असा एखादा मुलगा किंवा मुलगी तुमच्या वर्गात आली, तर बोट वर होताच जाऊ द्या. कारण विचारू नका, वर्गाला हसू देऊ नका. लाजेपायी पाणी सोडलेलं पोर औषधानंही सावरणं कठीण.