डोळ्याला डोळा लागत नाही तेव्हा



आपल्या अहिराणीत झोपण्याला ‘जपणं’ म्हणतात. जपणे म्हणजे सांभाळणेही. पण झोप सांभाळायची कशी, हे आपल्याला कोणी शिकवीत नाही.

चोपडा तालुक्यात केळीला, कपाशीला रात्री पाणी धरताना जी झोप मोडते, तिच्याविषयी मी आज बोलत नाही. ते जागरण कामाचे. सवड मिळाली की शरीर ते बरेचसे भरून काढते. मी बोलतो आहे ते अंथरूण आणि सवड असूनही ज्याचा डोळा लागत नाही त्याच्याविषयी. सुरुवातीला काही कारण असते: पडलेला भाव, सोसायटीचे कर्ज, घरातले आजारपण. पुढे कारण सरते, जागरण मात्र उरते. आठवड्यातून तीन रात्री, असे तीन महिने चालले, तर तो जडलेला निद्रानाश समजावा.

असे का व्हावे? झोप लागत नाही म्हणून माणूस लवकर आडवा होतो, कूस बदलतो, घड्याळ पाहतो, उद्याची काळजी करतो. होता होता अंथरूण म्हणजे काळजीची जागा, अशी मनाला सवय लागते. ही सवय मोडण्यासाठी रिचर्ड बूट्झिन यांनी 1972 साली साधा नियम सांगितला: अंथरूण झोपेसाठीच ठेवा; थोड्या वेळात झोप लागली नाही तर उठून बसा; डोळे जड झाले की परत या; आणि सकाळी ठरल्या वेळीच उठा.

दुसरा उपाय हिशेबाचा. समजा, एक गृहस्थ नऊला आडवे होतात आणि पाचला उठतात. अंथरुणात तास आठ, झोप मात्र सहाच. त्यांनी अकरालाच आडवे व्हावे. झोप सलग लागू लागली की दर आठवड्याला पाव तास वाढवावा. ऐकायला उलटे वाटते, पण गुण येतो. मात्र फेफरे येणाऱ्याने, उन्मादाचा आजार असलेल्याने किंवा रात्री गाडी चालवणाऱ्याने हा उपाय डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

2016 साली अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने सांगितले की, जुन्या निद्रानाशावर पहिला उपचार हाच. गोळीचा विचार त्यानंतर. पण शिकवणारा गावोगाव आणायचा कोठून? इंग्लंडात 2022 साली ‘नाइस’ या संस्थेने ‘स्लीपिओ’ नावाच्या सहा आठवड्यांच्या ऑनलाइन पाठाची शिफारस केली. नेहमीच्या डॉक्टरांकडे येणाऱ्या निद्रानाशाच्या रुग्णांना गोळ्यांऐवजी तो देता येतो.

आपल्याकडेही वाट आहे. ई-संजीवनीवरून उपकेंद्रातून दूरच्या डॉक्टरांशी बोलता येते. 10 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू झालेल्या टेलि-मानसचा नंबर 14416. तो फुकट आहे, रात्रंदिवस चालतो आणि मराठीतही बोलता येते. पण नुसते ‘झोप येत नाही’ म्हटल्याने समोरच्याला काय कळणार? दोन आठवडे वहीत रोज सकाळी लिहा: आडवे कधी झालो, डोळा अंदाजे कधी लागला, किती वेळा जाग आली, उठलो कधी. ज्याला लिहिता येत नाही त्याची वही शिक्षकांनी किंवा शाळकरी नातवाने भरावी. मग ती वही डॉक्टरांना दाखवा, नाही तर फोनवर वाचून दाखवा.

दोन गोष्टी मात्र वहीवर सोडू नका. मोठ्याने घोरताना श्वास अडकत असेल, तर तो आजार वेगळा, डॉक्टरांकडे जा. आणि जागरणाबरोबर जगणे नकोसे वाटत असेल, तर दोन आठवडे थांबू नका. त्याच रात्री घरच्या माणसाला उठवा आणि 14416 ला फोन लावा. ज्यांची गोळी चालू आहे त्यांनीही ती आपल्या मनाने एकदम बंद करू नये.

घरात कोणी रात्री उठून ओट्यावर बसत असेल, तर ‘झोप की आता’ असे त्याला म्हणू नका. ते त्याच्या हातात असते तर तो केव्हाच झोपला असता. उद्या सकाळी त्याच्या हाती एक वही द्या.